दर वेळी टोकापर्यंत रंग नको

पार्लरमध्ये नेहमी येणारा प्रश्न : ‘ताई, रंग लावून दोन महिने झाले नाहीत तोच केस केशरी दिसायला लागलेत. पुन्हा सगळ्या केसांना रंग लावून टाकूया का?’ तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं. मुळांशी पांढरं दिसत असेल तर तेवढ्यापुरता परमनंट, म्हणजे कायमचा रंग लावू आणि खालच्या लांबीला डेमी-परमनंट, म्हणजे हळूहळू फिका होत जाणारा सौम्य रंग.

आपले काळे केस ब्लीचने किंवा कडक डेव्हलपरने (रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडच्या द्रावणाने) उजळले की आधी लालसर होतात, मग केशरी, मग पिवळे. त्यावर दिलेली अ‍ॅश (राखाडी झाकेची) किंवा बेज शेड धुण्याधुण्यात उतरते आणि खालचा तांबूसपणा उघडा पडतो. म्हणजे केस उजळण्याचं काम आधीच झालेलं आहे, गेलीय ती फक्त वरची झाक. तेवढ्यासाठी त्याच लांबीला परत परत परमनंट लावला तर टोकं कोरडी पडतात, तुटतात आणि रंगावर रंग चढून काळपट दिसायला लागतात. असा साचलेला रंग काढणं फार जिकिरीचं असतं. वरून फिकट शेड लावून तो उजळत नाही, त्याला पुन्हा ब्लीचच लागतं.

परमनंट रंगात बहुधा ६ टक्के किंवा त्याहून जास्त पेरॉक्साइडचा डेव्हलपर वापरतात. डेमीला सौम्य पुरतो. वेला कंपनीच्या ‘कलर टच’ या डेमी रंगाचे डेव्हलपर १.९ आणि ४ टक्क्यांचे आहेत. अमोनियाही बहुतेक डेमी रंगांत नसतो. त्यामुळे तो केस उजळत नाही, नुसता रंग भरतो. काळ्याभोर केसांना डेमी लावून ब्राउन होतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

टोनिंग, म्हणजे उजळलेल्या केसांची झाक दुरुस्त करताना मला सर्वांत जपावं लागतं ते टोकांना. केस धुऊन टॉवेलने टिपून घ्यायचे, ओलसर असतानाच मधल्या लांबीपासून ब्रश चालवायचा आणि टोकं शेवटी घ्यायची. टोकांची वरची खवलं उघडी पडलेली असतात, त्यामुळे ती रंग भसाभस पितात आणि बघता बघता गडद होतात. केशरी मोडायला निळ्या छटेचा अ‍ॅश लागतो, पिवळा मोडायला जांभळ्या छटेचा. डब्यावर वेळ २० मिनिटं लिहिलेली असली, तरी पाच-सात मिनिटांनी एक बट टिशूने पुसून उजेडात धरते. बाउलमधला रंग कितीही जांभळा दिसो, खरं काय ते पुसलेल्या बटेवरच कळतं. फार फिकट केलेल्या हायलाइट्सवर दोन मिनिटं जास्त गेली, तरी राखाडी-जांभळट छटा येते.

पांढरे केस? तुरळक असतील तर डेमीने बाकीच्या केसांत छान मिसळून जातात. निम्म्याहून जास्त असतील तर पूर्ण झाकले जाणार नाहीत, हे मी आधीच सांगते. पण एक मोठी सोय आहे : डेमी हळूहळू फिका होत जातो, त्यामुळे मुळांशी ती ठळक पांढरी रेघ उमटत नाही. नुकतंच पांढरं दिसायला लागलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

मेंदी लावत असाल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. साध्या मेंदीचा रंग केसाला घट्ट धरतो. डेमीने तो निघत नाही, फार तर गडद होतो. तयार पुड्यांचं तसं नाही. काहींत धातूचे क्षार असतात आणि पेरॉक्साइड लागताच केस गरम होऊन जळू शकतात. अशा वेळी मी आधी एका बटेवर करून बघते.

आणि ‘अमोनिया-फ्री’ लिहिलंय म्हणून अ‍ॅलर्जी होणार नाही, असं मुळीच नाही. अ‍ॅलर्जी होते ती पीपीडीसारख्या रंगद्रव्यांची, आणि ती किंवा त्यांची भावंडं डेमीतही असतात. पूर्वी दहा वेळा चाललेला रंग अकराव्या वेळी पापण्या सुजवू शकतो. म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून पॅच टेस्ट हवीच. घरात लग्न असेल तर हळदीच्या सकाळी धावत येऊ नका, त्याच्या चार-पाच दिवस आधी एक चक्कर मारून जा. पॅच टेस्टचे मी पैसे घेत नाही.