सात चौकटी आणि आईची खानावळ

आईने लालबागमध्ये गिरणी कामगारांसाठी चालवलेल्या खानावळीच्या आठवणींचे पुस्तक मी किंडलवर स्वतः प्रकाशित केले, तेव्हा मजकुरावर तीन वर्षे आणि शोधशब्दांवर, म्हणजे वाचक पुस्तक शोधताना टाइप करतील अशा शब्दांवर, जेमतेम तीन मिनिटे खर्च केली होती. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेत शोधशब्दांसाठी ७ चौकटी असतात आणि प्रत्येकीत ५० चिन्हांपर्यंत मजकूर लिहिता येतो. मी त्यांत ‘आठवणी’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वाचनीय’ असे शब्द भरून मोकळा झालो. पहिल्या दोन महिन्यांत सहा प्रती विकल्या गेल्या आणि त्यांपैकी चार नातेवाइकांनी घेतल्या होत्या.

चूक ध्यानात आली ती दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. देवघेवीच्या टेबलापाशी माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी विचारले, “गिरण्यांच्या वेळच्या, चाळीतल्या बायकांवरचं काही आहे का?” माझे पुस्तक नेमके त्याच विषयावरचे होते, परंतु ‘गिरणी’, ‘चाळ’ किंवा ‘खानावळ’ यांपैकी एकही शब्द ना माझ्या काव्यमय शीर्षकात होता, ना त्या सात चौकटींत. ‘हृदयस्पर्शी पुस्तक द्या’ असे मात्र त्या टेबलाशी कोणी मागताना मी आजवर ऐकलेले नाही.

त्यानंतर मी एक वही केली आणि असे पुस्तक शोधायचे झाल्यास काय टाइप कराल, एवढेच ओळखीच्यांना विचारत गेलो. लालबागमधील जुन्या शेजाऱ्यांनी ‘गिरणगाव’ आणि ‘८२ चा संप’ असे सांगितले, एका प्राध्यापिकेने ‘स्त्रियांचे श्रम’ असे सुचवले, तर भाचीने काही न बोलता फोनवर रोमन लिपीत ‘मुंबई मिल चाळ’ असे टाइप करून दाखवले. तिच्या पिढीला ‘मिल’ जवळची आणि देवनागरी कळफलक दूरचा, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

संपाच्या शब्दापाशी मी बराच अडलो. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला तो संप माझ्या पुस्तकाचा मुख्य विषय नाही. त्याला वाहिलेली प्रकरणे दोनच आहेत. संपाचा इतिहास शोधत येणाऱ्याच्या हाती खानावळीचा हिशेब ठेवणे ही फसवणूक ठरेल, असे वाटत होते. परंतु आईची खानावळ त्याच वर्षीच्या उधारीत बुडाली, हे आठवल्यावर ‘गिरणी संप १९८२’ हे शब्द मी निश्चिंतपणे लिहिले.

मराठीची म्हणून एक अडचण वेगळीच निघाली. ‘गिरणी’ हा शब्द वाक्यात ‘गिरण्यांच्या’, ‘गिरणीतील’ अशी रूपे घेतो आणि शोधयंत्र ती सारी एकच मानील, याची खात्री धरता येत नाही. म्हणून शक्य तेथे मी मूळ रूपच ठेवले. शिवाय युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे डोळ्यांना तीन अक्षरी दिसणारा ‘गिरणी’ प्रत्यक्षात पाच चिन्हांचा होतो. चौकट अपेक्षेपेक्षा लवकर भरू लागली, तेव्हा मी विशेषणे गाळली. पाच चौकटी देवनागरीला आणि दोन रोमन लिपीला दिल्या. ‘लालबाग’चे रोमन स्पेलिंग लोक दोन तऱ्हांनी करतात, म्हणून दोन्ही लिहिली.

गिरणगावावर लिहिणाऱ्या एका नामवंत लेखकाचे नाव चौकटीत टाकण्याचा मोह मला झाला होता, हे कबूल करतो. नियमांनुसार दुसऱ्या लेखकाचे नाव किंवा ‘सर्वोत्तम’ यांसारखा दावा तेथे चालत नाही. शीर्षकातील शब्द चौकटीत पुन्हा लिहिण्याचीही गरज नसते. तेव्हा शीर्षक आहे तसेच ठेवून, इतके दिवस रिकामे असलेले उपशीर्षक मी ‘लालबागच्या खानावळीच्या आठवणी’ असे भरले आणि एका चौकटीतून ते शब्द काढून तेथे ‘चाळ जीवन महिला’ बसवले. पुस्तकासाठी निवडता येणाऱ्या तीन विषयवर्गांपैकी एक आत्मचरित्राचा घेतला.

बदल दिसू लागल्यावर भाचीने स्वतःच्या नव्हे, तर मैत्रिणीच्या फोनवर शोध घेतला, कारण आमच्या फोनला माझे पुस्तक एव्हाना पाठ झाले असावे. रोमन लिपीत ‘लालबाग चाळ’ टाकल्यावर तीनदा पडदा सरकवून ते सापडले. ‘मिल’ टाकल्यावर अजूनही मिक्सरच येतात.