ट्यूब पेटलेली, करंट मात्र शून्य

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला मी एसी सर्किट शिकवते. पॉवर फॅक्टरचं (व्होल्टेज गुणिले करंटपैकी खरी वापरली जाणारी पॉवर किती, ते प्रमाण) प्रॅक्टिकल म्हटलं की एका वॉटमीटरभोवती पंधरा मुलं. पुढची दोघं रीडिंग घेणार, बाकीची त्यांच्या वहीतून उतरवणार. मला ते फार खुपायचं. म्हणून गेल्या वर्षी टेबलावर पीझेम-००४टी हे वीज मोजणारं मॉड्यूल बसवलं आणि ईएसपी३२ या वाय-फायवाल्या छोट्या कंट्रोलरला जोडलं, म्हणजे व्होल्टेज, करंट, वॉट, पॉवर फॅक्टर सगळं प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसेल.

पहिला आठवडा वाय-फायमध्येच गेला. कॉलेजच्या नेटवर्कला आधी लॉगिनचं पान लागतं, ते ईएसपी३२ भरणार कसं? शेवटी घरचा जुना राउटर आणला आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो ब्रोकर (आकडे घेऊन मोबाइलपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) चालवला. इंटरनेटची गरजच उरली नाही. मॉड्यूल ५ व्होल्टचं, ईएसपी३२ ३.३ चं, मध्ये सिग्नलचं व्होल्टेज जुळवणारा लेव्हल कन्व्हर्टर टाकल्यावर आकडे यायला लागले.

२३० व्होल्टची जोडणी मीच करते, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असतेच. मुलं फक्त सीटीचं (करंट ट्रान्सफॉर्मर, करंट मोजणारा भाग) कडं वायरीवर अडकवतात. पहिल्याच दिवशी एका गटाची ट्यूब लख्ख पेटलेली आणि करंट शून्य. "मॅडम, मॉड्यूल गेलं." बघते तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी कड्यातून गेलेल्या! मी उत्तर सांगितलं नाही. दहा मिनिटांनी एका मुलीने फळ्यावर दोन उलटे बाण काढले: जाणारा करंट, परतणारा करंट, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. मग मी आरसीसीबीकडे बोट दाखवलं. तीही आत हेच पाहत असते. दोन बाणांत फरक पडला की करंट कुठेतरी गळतोय.

त्यानंतर ट्यूबचा चोक, म्हणजे तिचा करंट आवरणारी कॉइल. ४० वॉटची जुनी ट्यूब: ०.४३ अँपिअर, ५४ वॉट, पॉवर फॅक्टर ०.५५ च्या आसपास. सप्लाय बंद करून सीटीच्या पुढे, ट्यूबला समांतर, पंख्याचा ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. पुन्हा चालू केलं तर करंट ०.२५ वर आणि वॉट जागच्या जागी. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, उरलेला करंट गेला कुठे?" फेजर डायग्राम (व्होल्टेज आणि करंट बाणांनी दाखवणारी आकृती) मी दरवर्षी काढते, पण तो काढा म्हणून मुलांनी स्वतःहून मागितलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

या सत्रात थ्री-फेज मोटर घ्यायची आहे. तिन्ही वायरी एकाच कड्यातून घातल्या तर काय दिसेल, हे मुलांनी आत्ताच विचारून ठेवलंय.