सर्दी असताना पाठवतेस?

"पोरीचं नाक एवढं वाहतंय आणि तू तिला पाळणाघरात पाठवतेस?" मावशीने परवा फोनवर विचारलं. मी हो म्हणाले. तिने काळजीपोटीच विचारलं, हे मला कळतं. पण ते मनाला लागलं आणि फोनवर नीट उत्तरही देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या इथे, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला, ऑक्टोबर ते मार्च लहान मुलांची नाकं वाहतच असतात. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते, काहींना त्याहून जास्त. सर्दीच्या विषाणूंचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, त्यामुळे एक सरला की दुसरा येतो. मागे राहिलेला खोकला दोन-तीन आठवडे हटत नाही. नाक पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर लेक निम्मा हिवाळा घरीच बसेल. शिवाय सर्दी आपल्याला दिसते त्याच्या आधीपासूनच ती पसरत असते. त्यामुळे नाक पुसून-पुसून लाल झालेल्या मुलाला घरी ठेवून बाकीची मुलं वाचतात, असंही फारसं होत नाही.

इथल्या पाळणाघराने पालकसभेत पहिल्यांदाच सांगितलं होतं: नाकाकडे बघू नका, मुलाकडे बघा. दिवस झेपेल का तिला? खेळेल, जेवेल, बाहेर येईल? इथे मुलं पावसातही बाहेर जातात. रबरी पावसाळी सूट, लोकरी टोपी, बूट घालून चिखलात तास-दीड तास. ओले हातमोजे वाळवायला दाराशी एक उंच गरम कपाटच असतं. 'सर्दी आहे, आज तिला आतच ठेवा' असं सांगायची सोय नाही, कारण एका मुलासाठी आत थांबायला माणूस नसतो. बाहेर जाण्याइतकी ती बरी नसेल, तर ती पाळणाघरात येण्याइतकीही बरी नाही. सुरुवातीला मला हे कठोर वाटलं. आता वाटतं, याहून सरळ कसोटी नाही.

ताप असेल तर प्रश्नच नाही, घरी. ताप उतरल्यावरही औषधाशिवाय एक पूर्ण दिवस घरी काढायचा. उलट्या-जुलाब झाले तर ते थांबल्यापासून 48 तास.

आणि इथेच मला चीड येते. काही पालक सकाळी पॅरासिटामॉल देऊन मुलाला सोडून जातात. ते मूल साडेनऊपर्यंत छान खेळतं. अकराच्या सुमाराला औषधाचा जोर ओसरतो आणि ते कोपऱ्यातल्या उशीवर गाल टेकून पडतं. त्याला खेळणं नको असतं, जेवण नको असतं, कुणी हात लावलेला नको असतो. मग फोन जातो, आई-बाबा येईपर्यंत आणखी तासभर जातो. मी लवकर घ्यायला गेले होते तेव्हा असं एक मूल पाहिलं. शिक्षिका त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि दुसऱ्या हाताने बाकीच्या मुलांना सूप वाढत होती. ज्या देशात मुलाच्या आजारपणाची वेगळी रजा मिळते, तिथे असं करायचं कारण काय? पगार कापला जातो, हे मान्य. तरीही मला हे पटत नाही.

त्या रजेबद्दल मला भरभरून सांगायचंय. तिला इथे सगळे 'वाब' म्हणतात. आजारी मुलाला सांभाळायला घरी राहिलात, तर सरकारी विमा पगाराच्या जवळजवळ 80 टक्के देतो (वर एक मर्यादा आहे, त्यामुळे जास्त पगारवाल्यांना कमी पडतं). एका मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत. पहिले सात दिवस डॉक्टरांचं पत्रसुद्धा लागत नाही, आठव्या दिवसापासून लागतं. अर्धा दिवस घेता येतो, पाव दिवसही. आई घेते तशी बाबाही घेतो. आमचे साहेब, वयाने पन्नाशीचे, मोठ्या बैठकीच्या सकाळी एका ओळीचा निरोप पाठवतात की आज मुलाला बरं नाही, मी घरी आहे. बैठक पुढे ढकलली जाते. कुणी भुवया उंचावत नाही, कुणी 'बायको कुठे आहे?' विचारत नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पुण्यातल्या माझ्या बहिणीची आठवण आली आणि घशात आवंढा आला.

आपल्याकडे बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा 2017 पासून आहे आणि ती चांगलीच आहे. पण मूल तीन वर्षांचं झाल्यावर तापलं, तर खासगी नोकरीतल्या आईला स्वतःच्याच रजा मोडाव्या लागतात. त्या संपल्या की मूल पाळणाघरातल्या काकूंकडे जातं, सोबत औषधाची बाटली आणि 'बाराला पाच एमएल' अशी चिठ्ठी. काकू ते औषध देतात, कपाळावर ओली घडी ठेवतात, मऊ भात भरवतात. इथे पाळणाघरात ताप उतरवायला एक थेंब औषध कुणी देणार नाही. त्यामुळे 'आपल्याकडे लोक बेफिकीर आहेत' असं कुणी म्हटलं की मी भांडते. माझ्या बहिणीला अशा रजेचा पर्यायच नाही. आणि त्या काकू करतात ते इथली कुठलीही व्यवस्था करत नाही.

बहिणीकडे मात्र वरच्या मजल्यावर सासू-सासरे आहेत. आमच्याकडे सकाळी सव्वासहाला आम्ही दोघंच असतो, दोघांच्या हातात आपापलं कॅलेंडर.

तेव्हा मी काय बघते? रात्र कशी गेली, हे आधी. दोनदा-तीनदा रडत उठली असेल तर ती घरी, मग ताप असो वा नसो. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत नाही ना, बघते. दूध पिते का? मोज्यांवरून माझ्याशी वाद घालते का? जी मुलगी निळे मोजे नकोत म्हणून जमिनीवर बसकण मारते, तिची सर्दी मला घाबरवत नाही. जी मुकाट्याने पाय पुढे करते, तिला मी परत पांघरुणात नेते. शंका आली तर 1177 ला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सल्ल्याच्या नंबरला, फोन. तिथली नर्स शेंबडाचा रंग विचारत नाही. किती प्यायली, शू किती वेळा झाली, श्वास कसा आहे, एवढंच विचारते. हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक, हे समीकरण इथे चालत नाही.

सीमेवरचे दिवस असतातच. त्या दिवशी माझं महत्त्वाचं काम असेल, तर मी तिला सोडते, शिक्षिकेला स्पष्ट सांगते की रात्री खोकत होती, आणि जेवणानंतर घ्यायला जाते. उरलेला अर्धा दिवस वाब. यात माझी सोय बघितली जाते, हो. पण माझी नोकरी हीसुद्धा घराची गरज आहे आणि ती सांभाळणारी आई मुलीच्या बाबतीत हलगर्जी असते असं नाही. मावशी, हे खास तुझ्यासाठी.

सध्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात. तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी छातीला शेकतात. रात्री लेक शांत झोपते, याचं श्रेय त्यांनाच. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला पाठवायला साफ नकार दिला होता. मग एकदा त्या माझ्याबरोबर घ्यायला आल्या. नातीला डबक्यात उड्या मारताना त्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून सकाळी तिचे हातमोजे त्याच शोधून ठेवतात.

जानेवारीअखेर त्या परत जातील. त्यानंतर फेब्रुवारी, ज्याला इथे लोक 'वाब्रुआरी' म्हणतात, इतकी मुलं त्या महिन्यात आजारी पडतात. आम्ही आत्ताच वाटून घेतलंय: सोमवार-मंगळवार नवऱ्याचे, बुधवार-गुरुवार माझे आणि शुक्रवारी ज्याची बैठक पुढे ढकलता येईल तो घरी.