हेम्पच्या बिनबियांच्या माद्या आणि माझा पहिला सीझन

राहुरीला ॲग्री करताना पपईची नर-मादी झाडं शिकले होते, पण एक नर नजरेतून सुटला तर काय होतं ते अमेरिकेत हेम्प ब्रीडिंगला आल्यावर कळलं. हेम्प म्हणजे कॅनबिसच, फक्त टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्याच्या वर जाता कामा नये, २०१८ च्या फार्म बिल या शेती कायद्यानंतर इथे लायसन्स घेऊन लावता येतं. (आपल्याकडे गांजाची लागवड एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, वाचून घरी कुंडीत लावू नका प्लीज.)

आमचं काम जास्त सीबीडीवाल्या (हे कॅनबिसमधलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) माद्या निवडायचं. साधं बी लावलं की निम्मे नर निघतात आणि मादीला पराग लागला की तिचा सगळा जोर बियांत जातो, सीबीडी असते ती राळ कमी होते, मग एक झाड बियांनी भरलेलं आणि दुसरं रिकामं, तुलना करणार कशी? पण ब्रीडिंगला बी तर पाहिजेच ना! म्हणून प्रत्येक झाडाची फुलावर येण्याआधीच कटिंग्ज घेऊन ठेवायची, ती १८ तास उजेडात वाढत राहतात, मूळ झाड १२ तास उजेड, १२ तास अंधारावर टाकून बिनबियांचं फुलवायचं, लॅबचे आकडे आले की निवडलेल्या मादीचं कटिंग दुसऱ्या ग्रीनहाऊसमध्ये नेऊन तिथे पराग द्यायचा. मला ही आयडिया फार आवडली.

चार-सहा आठवड्यांनी पेऱ्यापाशी भिंग लावून बघायचं, दोन पांढरे केस दिसले तर मादी, देठावर गोल गाठ दिसली तर नर. बंगालात इंग्रजांच्या काळी गांजाच्या शेतातले नर उपटायला खास पोद्दार (नर ओळखणारे जाणकार) बोलवायचे, १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या रिपोर्टात आहे ते. माझी नजर बसायला तीन आठवडे गेले.

नर सगळे काढले, तरी घात झालाच. मागच्या कोपऱ्यातल्या एका मादीवर रात्री एक्झिटच्या दिव्याचा उजेड पडत होता आणि तिच्या खालच्या फांद्यांवर पिवळे, केळ्यासारखे पुंकेसर आले, म्हणजे मादीच पराग सोडायला लागली, मला ते दिसलेच नाहीत, आजूबाजूच्या झाडांचे केस वेळेआधी तपकिरी पडले तेव्हा एक फूल फोडून बघितलं तर आत कोवळं बी. पाण्याचा फवारा मारला, भिजला की पराग निकामी होतो, पण नऊ झाडांचा डेटा गेला तो गेलाच. त्या दिवशी खूप रडले मी.

कटिंग्ज होती म्हणून वाचलो. दिव्यावर काळा कागद लावला आणि नऊच्या नऊ परत फुलवली, आठ आठवडे गेले त्यात. त्या कोपऱ्यातल्या मादीची कटिंग्ज मात्र फेकली. स्ट्रेसने झालं म्हणा, पण त्याच उजेडात शेजारची तर टिकली ना, हा गुण पुढच्या पिढीत नको.

त्या नवांतली १४ नंबरची सगळ्यात चांगली निघाली. मंगळवारी तिच्या कटिंगवर ब्रशने पराग लावला, फांदीला पिशवी बांधली आहे.