भलत्याच दारावर लोटलेली गर्दी

सर्व्हरचा सीपीयू निवांत होता, बँडविड्थही भरलेली नव्हती, तरी साइट उघडत नव्हती. कनेक्शन टेबल, म्हणजे चालू जोडण्यांची यादी, मात्र तुडुंब. जगभरातले आयपी पत्ते, बहुतेक घरगुती ब्रॉडबँडचे, आणि एकेका आयपीवरून जेमतेम एक-दोन कनेक्शन. रेट लिमिटमध्ये, म्हणजे एका पत्त्यावरून किती वेळा यायचं या मर्यादेत, सापडेल असं कुणीच नव्हतं.

टीममध्ये सगळे बॉटनेट म्हणत होते, म्हणजे कुणीतरी ताब्यात घेतलेल्या संगणकांची फौज. मी टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन, लावलं. कनेक्शन जुळलं की समोरून पहिली बाइट यायची ती १९, आणि तिच्यामागे 'बिटटॉरंट प्रोटोकॉल' हे नाव, म्हणजे लोक आपसात फाइल वाटून घेतात ती पद्धत. इंग्रजीत मधली मोकळी जागा धरून त्याची अक्षरं बरोबर १९ होतात. मग ८ राखीव बाइट आणि २० बाइटचा इन्फोहॅश, म्हणजे कुठली फाइल हवी त्याची खूण. हा इन्फोहॅश सगळीकडे एकच होता. म्हणजे ही सगळी माणसं एकच फाइल मागत आमच्या ४४३ पोर्टवर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या दारावर, येत होती. हल्ला होत होता, पण येणाऱ्यांपैकी कुणी हल्लेखोर नव्हता.

तो इन्फोहॅश घेऊन मी एकेका ट्रॅकरला, म्हणजे फाइल कुणाकुणाकडे आहे याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला, पीअरची (फाइल वाटून घेणाऱ्यांची) यादी मागत गेलो. एकाच्या उत्तरात आमचा आयपी चक्क दिसला. ट्रॅकरला अनाउन्स, म्हणजे 'मीही आहे' असा निरोप, पाठवताना 'आयपी' नावाचा ऐच्छिक पॅरामीटर देता येतो. ट्रॅकरने त्यावर विश्वास ठेवला, तर कुणीही तिसऱ्याचाच पत्ता आपला म्हणून नोंदवू शकतो. मला हे अक्षम्य वाटतं, कारण उपाय माहीत आहे: पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं तोच नोंदवायचा. बिटटॉरंटच्या डीएचटीत, म्हणजे ट्रॅकरशिवाय पीअरनीच आपसात ठेवलेल्या नोंदवहीत, तर त्यासाठी टोकन असतं. आधी चौकशी करायची, उत्तरात टोकन मिळतं, आणि त्याच आयपीवरून ते परत दिलं तरच नोंद होते. दुसऱ्याच्या आयपीवर गेलेलं टोकन खोटं बोलणाऱ्याच्या हाती लागतच नाही.

"काही देशच ब्लॉक करूया का?" एका सहकाऱ्याने विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. त्या गर्दीत आमचे स्वतःचे वापरकर्तेही असू शकत होते.

फायरवॉलमध्ये ती १९ची बाइट आणि नाव दिसताच टीसीपी रीसेट पाठवणारा, म्हणजे कनेक्शन तिथेच तोडणारा, नियम टाकला. साइट धापा टाकत का होईना, उघडू लागली. पण बरेच क्लायंट, म्हणजे टॉरंटची अ‍ॅप, हा सुरुवातीचा हँडशेकच एन्क्रिप्ट करतात, ते या नियमातून सुटत होते. शेवटी साइट नव्या आयपीवर नेली आणि डीएनएस, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या आयपीवर न्यायचं ती नोंद, बदलला. ट्रॅकरच्या यादीत डोमेन नव्हतं, नुसता आकडा होता, त्यामुळे गर्दी जुन्या पत्त्यावरच राहिली.

ट्रॅकर चालवणाऱ्याला पॅकेटच्या नोंदींसकट लिहिलं. त्याने तो पॅरामीटर दुर्लक्षित करायचं मान्य केलं आणि केलंही. तरी क्लायंट जुने पत्ते लक्षात ठेवून पुन्हा पुन्हा धडकत राहतात. म्हणून प्रोव्हायडरला बजावलं, हा आयपी पूर्ण शांत होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाला द्यायचा नाही. त्यांनी तो नल-राउट करून, म्हणजे त्यावर येणारं सगळं वाटेतच टाकून देऊन, बाजूला ठेवला.