दगड घासण्याचा दिवस

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रणाचे, म्हणजे ठशावरून चित्रे छापण्याच्या कलेचे, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आजचा जवळजवळ सगळा दिवस शिळामुद्रणाचा (दगडावर चित्र काढून ते कागदावर छापण्याच्या तंत्राचा, म्हणजे लिथोग्राफीचा) एक दगड घासण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला असे मला मनापासून वाटते. चुनखडीच्या या दगडावर पाणी व कार्बोरंडम या कठीण पदार्थाची पूड टाकून, आधी भरड मग बारीक असा क्रम पाळत, जुन्या चित्राचा स्निग्ध अंश पूर्ण निघेपर्यंत घासावे लागते. तो जरासा जरी उरला, तरी नव्या छापात जुन्या रेषा उमटू शकतात. १७९० च्या दशकात आलॉइस झेनेफेल्डरने शोधलेले हे तंत्र तेल आणि पाणी मिसळत नाहीत याच गोष्टीवर उभे आहे.

चित्रकाराला घरच्या खोलीतही काम करता येते; मुद्राचित्रकाराला मात्र जड प्रेस, आम्लाची वाफ बाहेर खेचणारा पंखा, कागद भिजवण्याची सोय आणि जपून ठेवलेले दगड लागतात. हे सारे एकट्याने उभारणे बहुतेकांना परवडत नाही, म्हणूनच सामायिक कार्यशाळेचे मोल मला फार वाटते. १९६० च्या दशकात मुद्राचित्रकार ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकून याच विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत परतले आणि इथल्या मुद्राचित्रणाला बळ मिळाले. (त्यांची मुद्राचित्रे छायाचित्रात नव्हे, प्रत्यक्ष पाहावीत.)

उद्या दगडावर रेखाटन करून त्यावर डिंक आणि किंचित नत्राम्ल यांचा लेप द्यायचा आहे.