साफ्टाची सुपारी

मी न्हावा शेव्याला कस्टम ब्रोकरकडे फील्डवर असतो, जी-कार्डवाला, म्हणजे कस्टमचं ओळखपत्र असलेला. लोकांना वाटतं आम्ही कंटेनर सोडवतो, पण आमचा बहुतेक दिवस कागद सोडवण्यात जातो.

त्या दिवशी बांगलादेशातून आलेला सुपारीचा कंटेनर होता, बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टमला दिलेल्या आयातीच्या कागदात, साफ्टाची सवलत मागितलेली. साफ्टा म्हणजे सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या गटाचा आपसातला मुक्त व्यापार करार. सुपारीवर एरवी १०० टक्के ड्युटी. पण बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीत, म्हणून त्यांचं दारू-तंबाखू सोडून बाकी सगळं शून्य ड्युटीत येतं. म्हणजे माल कुठल्या देशाचा ते सांगणाऱ्या एका सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर केवढा पैसा लटकलेला असतो बघा.

सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर तपासायच्या यार्डात, सील कापून गोणी फोडली. मी श्रीवर्धनचा, घरची पोफळीची बाग, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बरीचशी आडवी झाली ती, पण लहानपणापासून सुपारी सोलत आलोय. अडकित्त्यात धरली की दाणा किती कडक, आत पांढरा गर किती, तांबड्या रेघा किती सगळं कळतं. हा माल एका बागेचा काय, एका मुलखाचाही वाटेना, तीन तऱ्हेचा दाणा कालवलेला, काही तर जुना, गोदामात पडून काळवंडलेला. आणि इन्व्हॉइसचा भाव किलोला जेमतेम ३५१ रुपयांच्या वर, कारण २०२३ पासून त्याच्या खाली आयात बंद आहे.

मी कस्टमच्या साहेबांना दाखवलं. आमच्या शेठला ते अजिबात आवडलं नाही, पण पार्टी, म्हणजे माल मागवणारा, नियमात बसत नसेल तर कस्टमला कळवणं ब्रोकरच्या नियमांतच लिहिलंय आणि मला ते पटतं. साहेब वयानं लहान पण कामाला पक्का, त्यानं २०२० च्या कॅरोटार नियमांखाली, ज्यात माल खरंच त्या देशाचा आहे का याचा पुरावा मागता येतो, माहिती मागितली, कुठली बाग, कुठला शेतकरी, कोणी सोलली. पार्टीकडे त्या एका सर्टिफिकेटशिवाय काहीच नव्हतं. मग फरकाच्या ड्युटीची सिक्युरिटी घेऊन माल सोडला आणि पडताळणीचा कागद दिल्लीमार्गे ढाक्याला गेला.

मला राग येतो तो इथे. साफ्टा २००६ पासून चालूय, पण सार्कची शेवटची शिखर परिषद झाली २०१४ ला काठमांडूत, २०१६ ची इस्लामाबादची उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली ती बारगळलीच. आठ देशांचे पुढारी एका टेबलावर बसत नाहीत, सवलती मात्र चालू, मग त्यातली भोकं बुजवायची कोणी? सवलत चुकीची आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तिकडेही आमच्यासारखीच घरं पोफळीवर जगतात, त्यांचा माल इथे यायलाच हवा. तिसऱ्याच देशाचा माल त्यांच्या नावावर घुसवला तर आमचा भाव पडतो आणि खऱ्या बांगलादेशी मालाकडेही सगळे संशयानं बघायला लागतात, दोन्हीकडचा बागायतदार मरतो.

ढाक्याहून उत्तर आलं, सर्टिफिकेट खरं आहे, आम्हीच दिलंय. बाग कुठली, शेतकरी कोण, त्यावर एक ओळ नाही. साहेबानं सवलत नाकारली, पार्टी अपिलात गेलीय.